आवाज नसलेली गाडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘नवी वाहनं, नवं तंत्रज्ञान आणि आपलं रोजचं जगणं’ या विषयावर बोला असा निरोप आला, तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, “माणूस नक्की बरोबर निवडलंय ना?” कारण मी गाडी चालवत नाही आणि चालवूही शकणार नाही. चोविसाव्या वर्षापासून मला दिसत नाही. रेटिनायटिस पिग्मेंटोझा असं भारदस्त नाव आहे आजाराला. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग बाजूचं. मग नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं उरतं आणि हळूहळू तेही जातं. तीस वर्षं मी एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर होते. आता निवृत्त आहे. आठवड्यातून चार दिवस मुलांना ब्रेल शिकवायला जाते. घर ते बसथांबा, मग बस, मग मोठा रस्ता ओलांडून शाळा. एकटी जाते. ‘एकटी’ हा शब्द मुद्दाम सांगितला. त्यात बढाई नाही, पण आज मी जे काही बोलणार आहे ते सगळं त्या एका शब्दासाठी आहे.

आम्ही रस्ता कसा ओलांडतो याचं पुष्कळांना कुतूहल असतं. कुणाला वाटतं आम्हाला सहावं इंद्रिय असतं. तसं काही नसतं हो. आम्ही ऐकतो, एवढंच. चौकात उभी राहिले की माझ्या समोरून आडवी जाणारी वाहनं आणि माझ्या बाजूने, मला समांतर जाणारी वाहनं असे आवाजाचे दोन पट्टे असतात. आडवा पट्टा थांबतो, एंजिनं जागच्या जागी घुरघुरत राहतात. मग समांतर बाजूची वाहनं एकदम उसळी घेऊन निघतात. ती निघाली की आपणही निघायचं, त्यांच्या आवाजाला धरून सरळ रेषेत. सिग्नलचा दिवा मला दिसत नाही. पण पन्नास एंजिनं मिळून मला तो वाचून दाखवतात. थांबलेल्या ट्रकजवळून जाताना पलीकडचे आवाज दबतात, गल्लीचं तोंड आलं की एकदम मोकळे होतात. रिक्षा, बस, टेम्पो, बुलेट, सगळ्यांची बोली वेगळी. रिकामा टेम्पो आणि भरलेला टेम्पो यांतला फरकही कळतो.

हातातली काठी पांढरी का, हेही सांगून टाकते. ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज नावाच्या छायाचित्रकाराची दृष्टी अपघातात गेली. रस्त्यावरच्या वाहनांना आपण दिसावं म्हणून त्याने १९२१ साली आपली काठी पांढरी रंगवली. म्हणजे काठीचा पांढरा रंग माझ्यासाठी नाहीच, तो तुमच्यासाठी आहे. काठीचं टोक माझ्यासाठी आणि रंग गाडीवाल्यासाठी, अशी वाटणी. मला हे फार आवडतं. शंभर वर्षं झाली, तरी याच्यापेक्षा स्वस्त आणि चांगली वस्तू कुणाला सुचलेली नाही.

तर, या आवाजाच्या जगात विजेची गाडी आली.

माझ्या भाच्याने विजेची स्कूटर घेतली. पेढे घेऊन आला. फाटकाशी कधी आला, कधी उतरला, मला पत्ता नाही. “मावशी” अशी हाक अगदी कानाशी आली आणि मी दचकले. म्हटलं, “अरे, गाडी कुठाय?” तर म्हणाला, “मावशी, आवाज येत नाही हीच तर मजा आहे!”

त्याची मजा मला समजते. धूर नाही, धडधड नाही. फुप्फुसं मलाही आहेतच. वर्षानुवर्षं चौकात उभं राहून रॉकेलमिश्रित धूर प्यायलेली मी बाई आहे, विजेच्या गाड्यांना विरोध करायला आले आहे असं कृपा करून समजू नका. पण त्यानंतर दोनच महिन्यांनी आमच्याच गल्लीत अशी एक स्कूटर माझ्या काठीवरून गेली. काठी मोडली, मनगट मुरगळलं. चालवणारा मुलगा बिचारा रडवेला झाला होता. “आजी, मला वाटलं तुम्ही बाजूला व्हाल,” असं म्हणत राहिला. त्याचं चुकलं असंही मला म्हणवत नाही. आयुष्यभर त्याने बघितलं होतं की मागून गाडी आली की माणसं बाजूला होतात. ती आवाजाने होतात हे त्याच्या ध्यानात यायचं काही कारणच नव्हतं. घरी मात्र गोंधळ झाला. मुलगा म्हणाला, “आई, आता एकटीने जाणं बंद. मी सोडेन, मी आणेन.” प्रेमापोटीच म्हणाला. पण त्याला सुट्टी असेल तेव्हाच माझी शाळा, हे मला परवडणारं नव्हतं. आठ दिवसांनी नवी काठी घेऊन मी निघाले. तो अजून थोडा रागावलेलाच आहे.

गंमत अशी की हा प्रश्न जगात अनेकांना आधीच पडलेला होता. विजेवर आणि पेट्रोलवर दोन्हींवर चालणारी टोयोटाची प्रियस मोटार १९९७ मध्ये जपानात बाजारात आली. हळू चालताना तिचं एंजिन बंदच असायचं. अंध व्यक्तींच्या संघटनांनी पुढे आरडाओरडा सुरू केला. जपानने २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. अमेरिकेत २०११च्या जानेवारीत पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी कायदाच झाला. युरोपीय संघाने १ जुलै २०१९ पासून विजेच्या मोटारींच्या नव्या मॉडेलना आणि १ जुलै २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या विजेच्या व हायब्रिड मोटारीला कृत्रिम आवाज सक्तीचा केला. आवाज कधी? ताशी २० किलोमीटरपर्यंत आणि रिव्हर्स घेताना. त्यापुढे गरज नाही, कारण वेग वाढला की टायरचा रस्त्यावर घासण्याचा आवाजच पुरेसा होतो. किती मोठा? ताशी २० किलोमीटरला किमान ५६ डेसिबल, म्हणजे दोन माणसं साध्या आवाजात बोलतात साधारण तेवढा. आणि कमाल ७५. शिवाय वेग बदलला की आवाजाची पट्टी बदलली पाहिजे, कारण गाडी नुसती ‘आहे’ एवढं कळून भागत नाही. ती येतेय की थांबतेय, हे कळायला हवं.

आता हा आवाज कसा असावा यावर मोठमोठ्या कंपन्यांत संगीतकार बसवून विचार चालतो. कुणाला अवकाशयानासारखा हवा असतो, कुणाला तंबोऱ्यासारखा. माझं म्हणणं साधं आहे. एकाच सुरातली शिट्टी नको. ती कुठून येतेय हे कानाला नीट उमगत नाही. खरखर, सळसळ असे अनेक सूर मिसळलेला आवाज असेल तर दिशा चटकन कळते. आपल्या बैलगाडीच्या घुंगुरमाळा आठवा. अंधाऱ्या रात्री रस्त्यावरच्या माणसाला गाडी कुठे आहे, बैल चालतायत की दौडतायत, थांबले की काय, सगळं त्या घुंगरांतून कळायचं. आज इंजिनिअर ज्याला ध्वनी-इशारा यंत्रणा म्हणतात, तिचं काम वेगळं काय आहे?

यावर लगेच कुणी म्हणेल, आधीच आपल्याकडे एवढा गोंगाट, त्यात आणखी आवाज कशाला? हॉर्न आहेच की! अहो, हॉर्न आणि एंजिन यांत फार फरक आहे. एंजिनाच्या आवाजावरून गाडी कुठे आहे ते कळतं. हॉर्नवरून फक्त चालवणाऱ्याचा स्वभाव कळतो. आणि हॉर्नच्या गदारोळात मला माझा समांतर पट्टा ऐकूच येत नाही. दहा हॉर्न कमी होऊन एक सौम्य घुंगरू वाढलं तर रस्ता शांतच होईल.

आपल्या केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२५च्या सप्टेंबरमध्ये या यंत्रणेच्या सक्तीचा मसुदा प्रसिद्ध केला. विजेच्या मोटारी, बसगाड्या आणि मालवाहू गाड्यांच्या नव्या मॉडेलना ऑक्टोबर २०२६ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना ऑक्टोबर २०२७ पासून, असा त्यात प्रस्ताव होता. ऐकून मला फार बरं वाटलं. पण त्या मसुद्यात दुचाकी आणि तीनचाकी नव्हत्या. माझ्या गल्लीत मोटार दिवसातून पाच वेळा येत असेल. घरपोच जेवण आणणारी, किराणा पोचवणारी, शाळेतून मुलांना आणणारी असते ती दुचाकी, आणि ती फूटपाथवरूनही जाते. युरोपचा नियम युरोपच्या रस्त्यांसाठी लिहिलेला आहे. तिथे मोटारी जास्त. आपल्याकडे नियम उचलताना आपले रस्तेही बघायला हवेत.

आता पायाखालच्या तंत्रज्ञानाबद्दल बोलते. रेल्वेच्या फलाटावर, मेट्रो स्थानकात, नव्या फूटपाथवर पिवळ्या उठावदार फरश्या तुम्ही पाहिल्या असतील. काहींवर गोल टिपके असतात, काहींवर लांब पट्ट्या. पुष्कळांना वाटतं पाय घसरू नये म्हणून बसवल्यात. एका गृहस्थांनी मला सांगितलं, “शोभेसाठी असतात.” त्या फरश्या म्हणजे पायाने वाचायची लिपी आहे. लांब पट्ट्या म्हणजे ‘या दिशेने चला’. टिपके म्हणजे ‘थांबा, पुढे काहीतरी आहे’: जिना असेल, रस्ता असेल, फलाटाची कड असेल. आणि पिवळा रंग ज्यांना अंधुक दिसतं त्यांच्यासाठी. बस, एवढंच व्याकरण.

ही कल्पना जपानमधल्या ओकायामा शहरातल्या सेइइची मियाके यांची. ते काही मोठे शास्त्रज्ञ नव्हते, एक निवास चालवायचे आणि हौसेने शोध लावायचे. त्यांच्या एका मित्राची दृष्टी जात चालली होती. त्याच्यासाठी काय करता येईल या विचारातून १९६५ साली त्यांनी उठावदार ठोकळा तयार केला. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामाच्या अंधशाळेजवळच्या चौकात असे ठोकळे जगात पहिल्यांदा बसले. स्वतःच्या पैशाने केलेला उद्योग. सुरुवातीला कुणी फारसं विचारलं नाही. १९७० मध्ये ओसाकातल्या एका रेल्वे स्थानकाच्या फलाटावर ते बसवले गेले. पुढे १९७३ साली टोकियोच्या ताकादानोबाबा स्थानकात एक अंध माणूस फलाटावरून रुळांवर पडून गेला. त्या फलाटावर ठोकळे नव्हते. त्याच्या घरच्यांनी रेल्वेवर दावा लावला, प्रकरण गाजलं, आणि मग ठोकळे भराभर पसरले. सगळीकडे टिपक्यांचा आकार, अंतर वेगळं असायचं. जपानने त्याचं राष्ट्रीय प्रमाण २००१ मध्ये ठरवलं आणि आंतरराष्ट्रीय प्रमाण तर २०१२ मध्ये आलं. फरशीवरच्या एका टिपक्याला जगाची संमती मिळायला पंचेचाळीस वर्षं लागली!

आपल्याकडे फरश्या आल्या, व्याकरण मात्र वाटेत कुठेतरी सांडलं. मी ज्या फूटपाथवरून जाते, तिथे ‘चला, चला’ म्हणणाऱ्या पट्ट्या मला सरळ एका डीपीच्या खोक्यावर नेऊन उभी करतात. पुढे एका ठिकाणी पट्ट्या आडव्या बसवल्या आहेत. त्यांचं ऐकलं तर मी थेट एका दुकानात शिरेन. एका वळणावर टिपके आणि पट्ट्या बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून आहेत. बसवणाऱ्या गवंड्याशी मी एकदा बोलले. तो म्हणाला, “ताई, आम्हाला सांगितलं पिवळ्या लावा, आम्ही लावल्या. टिपक्यांचं कुणी बोललंच नाही.” मी त्याला तिथेच उभं करून, चप्पल काढायला लावून, डोळे मिटून दहा पावलं चालवलं. पुढचा पट्टा त्याने अगदी चोख बसवला. त्याला शिकवायला मला पाच मिनिटं लागली. ही पाच मिनिटं कुठल्याही टेंडरमध्ये नसतात. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना सांगितलं, की सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, किमान काही तरी सक्तीचे हवेत. गवंड्यापर्यंत ते पोचतील तेव्हा खरं.

परदेशातली एक गोष्ट मला भारी आवडते. ब्रिटनमध्ये रस्ता ओलांडायच्या ठिकाणी खांबावर बटणाची पेटी असते. त्या पेटीच्या तळाला हात घातला तर बोटभर जाडीचा, खाचा असलेला एक छोटा शंकू लागतो. पादचाऱ्यांचा दिवा हिरवा झाला की तो भोवऱ्यासारखा फिरू लागतो. आवाज नाही, काही नाही. बोट लावून उभं राहायचं, फिरला की निघायचं. १९८०च्या दशकात नॉटिंगहॅम विद्यापीठात हा घडला. शेजारी शेजारी दोन सिग्नल असतील तर ‘पीं पीं’ नेमकी कुठली, असा घोटाळा होतो. शंकूचा होत नाही. ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही त्यांनाही चालतो. तिथे जन्म काढलेल्या डोळस माणसांनाही याचा पत्ता नसतो म्हणे. मुंबईच्या लोकल स्थानकांत अपंगांचा डबा थांबतो तिथे ‘बीप बीप’ असा आवाज येत असतो, त्याचंही तसंच. रोज जाणाऱ्या माझ्या बहिणीला तो मी दाखवला, तेव्हा ती म्हणाली, “अगं, मला वाटायचं काहीतरी बिघडलंय!”

आता थोडं हुशार काठ्यांविषयी. दर वर्षी इंजिनिअरिंगची पोरं माझ्याकडे प्रकल्प घेऊन येतात. काठीला सेन्सर, काठीला जीपीएस, बुटात सेन्सर, चष्म्यात कॅमेरा. गोड पोरं असतात, चहा पितात, माझा फोटो काढतात. मी त्यांना ठरावीक प्रश्न विचारते. वजन किती? बॅटरी संपली तर? पावसात काय? आणि माझा मुख्य प्रश्न : एका हातात काठी, दुसऱ्या हातात छत्री, खांद्याला पर्स, तुमचं बटण मी कुठल्या हाताने दाबू? इथे बहुतेक प्रकल्प संपतात.

अपवाद आहे. दिल्लीच्या आयआयटीत प्राध्यापक एम. बालकृष्णन यांच्या गटाने ‘स्मार्टकेन’ तयार केली, २०१४ साली ती बाजारात आली. साध्या काठीला गुडघ्याखालचंच कळतं. उघडी खिडकी, वाकलेली फांदी, टेम्पोतून बाहेर आलेल्या सळया यांचा पत्ता काठीला आधी लागत नाही, कपाळाला लागतो. स्मार्टकेनच्या मुठीवरचं यंत्र वटवाघळासारखे स्वनातीत ध्वनी सोडतं आणि तीन मीटरपर्यंतचा अडथळा मुठीच्या थरथरण्यातून कळवतं. कानाला त्रास नाही, कारण कान आम्हाला रस्त्यासाठी मोकळे लागतात. हे ज्याला कळलं त्याने अंध माणसांबरोबर रस्त्यावर वेळ घालवला आहे, हे मी पैजेवर सांगते. त्याच गटाने बससाठीही एक युक्ती काढली. थांब्यावर बस आली की हातातलं बटण दाबायचं, बसच्या दाराशी लावलेला स्पीकर बसचा नंबर बोलतो. आवाज दारातूनच येत असल्यामुळे दार कुठे आहे तेही कळतं. मुंबईत बेस्टच्या काही गाड्यांवर त्याची चाचणीही झाली. प्रत्येक थांब्यावर “दादा, ही कितवी?” असं विचारत उभं राहणं काय असतं, ते ज्याला करावं लागतं त्यालाच ठाऊक.

घरातल्या यंत्रांची कथा थोडक्यात सांगते. तुमच्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर एफ आणि जे या कळांवर बारीक रेघ असते. बटणांच्या फोनवर ५ च्या कळीवर टिपका असतो. तेवढ्या एका टिपक्यावर आम्ही अख्खा फोन चालवायचो. मग सपाट काचेचे फोन आले आणि आम्ही म्हटलं, संपलं आता. झालं उलटंच. २००९ साली आयफोनमध्ये पडदा वाचून दाखवणारी सोय आतच बसवून आली, अँड्रॉइडमध्येही आली. बोट फिरवायचं, जे बोटाखाली असेल ते फोन बोलतो, दोनदा टिचकी मारली की उघडतो. आज मी व्हॉट्सअ‍ॅपवर भाच्यापेक्षा जलद आहे. पण हाच सपाटपणा वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, लिफ्ट आणि दुकानातल्या कार्डाच्या यंत्रावर आला, तिथे बोलणं मात्र आलं नाही. कार्डाच्या यंत्रावर पिन टाकायला मला दुकानदाराला नंबर सांगावा लागतो. गुपित म्हणून दिलेला नंबर!

नोटांचं म्हणाल तर २०१६ नंतरच्या नोटांत शंभरची १४२ मिलिमीटर लांब, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५०. रुंदी तिघींची एकच. चार मिलिमीटर बोटाने ओळखायचे, तेही मागे भाजीवाली घाई करत असताना. त्यापेक्षा भाजीच्या गाडीवर ठेवलेला तो बोलका डबा मला देवासारखा वाटतो. ‘चाळीस रुपये प्राप्त झाले.’ तो माझ्यासाठी कुणी केलेला नाही. हात भाजीत गुंतलेल्या विक्रेत्याला फोन बघावा लागू नये म्हणून केलेला आहे. पण पैसे किती गेले हे मला, तिला आणि रांगेतल्या सगळ्यांना एकदमच कळतं.

शेवटी एक विनंती, खास विजेची गाडी चालवणाऱ्यांना. काठी दिसली की तुम्ही थांबता, हे मला माहीत आहे. बहुतेक माणसं भली असतात. पण तुम्ही थांबता आणि हात हलवून ‘जा’ म्हणता. तो हात मला दिसत नाही आणि तुमची गाडी मला ऐकू येत नाही. तुम्ही उभे, मी उभी. मागचे हॉर्न वाजवतात, मी आणखी घाबरते. तोंडाने बोला. आमच्या चौकात विजेची रिक्षा चालवणारा एकजण आहे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. रोज सकाळी साधारण साडेनवाला मी कडेला पोचते आणि डाव्या हाताकडून, अगदी चारेक फुटांवरून, आवाज येतो, “जावा ताई, मी हाय हितं उभा.”